दिवेलागणीची हजेरी

सरांच्या शर्टाच्या खिशात त्यांच्या घड्याळाची पावती असायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, वरून रबर लावलेलं. घड्याळ साधंच, पट्टा बदललेला. पण शर्ट बदलला की आधी ती पिशवी जुन्या खिशातून नव्या खिशात जायची, मगच सर गुंड्या लावायचे. सायकलची पावती, चष्म्याची पावती, आक्कांच्या मंगळसूत्राची पावती, सगळं त्याच पिशवीत. आक्का म्हणजे त्यांची बायको. हा माणूस एम.ए. झालेला. एका कॉलेजचा संस्थापक, पहिला प्राचार्य. सभेत बोलायला उभा राहिला की पुढच्या रांगेतले पुढारी खुर्चीत सावरून बसायचे. आणि हातातलं घड्याळ आपलंच आहे हे दाखवायची तयारी ठेवून तो रोज घराबाहेर पडायचा.

सरांबद्दल चार चांगले शब्द सांग म्हटलं की मी आधी ही पावती सांगतो. माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी. सौदा तुटायची वेळ आली की दोघांनीही थोडं थोडं सोडायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. सरांनी कधी काही सोडलं नाही. मग मी तरी का सोडू?

श्रीगोंद्याकडून कर्जतला जाताना मधे एक माळ लागतो. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नाही, म्हणूनच तो कॉलेजला मिळाला. आम्ही पारधी. सरही पारधी, त्या भागातले आमच्यातले पहिले शिकलेले. गावात कोंबडी हरवली तरी आमच्या पालावर पोलिसांची जीप यायची, आणि आमचा पोरगा शाळेत गेला की बाकीची पोरं दप्तरं जवळ ओढून बसायची. म्हणून सरांनी आमच्यासाठी वेगळं कॉलेज काढलं. दार सगळ्यांना उघडं होतं. वडार, कैकाडी, भिल्ल, ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं, सगळी यायची.

भिंतीच्या विटा आम्हीच पाडल्या. पहिली भट्टी वाया गेली. विटा शिळ्या भाकरीसारख्या हातात मोडल्या. गावातल्या ठेकेदारानं स्वस्तात विटा देऊ केल्या तर सर म्हणाले, "नको. विकतच्या विटेवर उद्या कुणीही हक्क सांगेल. आपण पाडलेल्या विटेवर आपली बोटं उमटलेली असतात." आणि खरंच आहेत. पहिल्या खोलीच्या भिंतीवर अजून बोटं दिसतात. माझीही असतील.

त्या कॉलेजात कुलूप नव्हतं. ऑफिसला नाही, कोठीला नाही, पोरांच्या पेट्यांनाही नाही. एका पोराच्या आईनं पेटीला कुलूप लावून पाठवलं तर सरांनी ते विहिरीत टाकलं. "आपण कुलूप लावलं म्हणजे आपणच म्हणतो, हितं चोर हायेत." एरवी पुस्तकी बोलायचे, चिडले की गावचं बोलायचे.

रस्त्यानं चालायचीही त्यांची एक रीत होती. आमच्या लोकांना डांबरी रस्ता माहीत नाही. आम्ही बांधाच्या कडेनं, ओढ्यातून, जिथं कुणी बघणार नाही तिथून जातो. सर आम्हाला डांबरीच्या मधोमध चालवायचे. मागून ट्रक हॉर्न वाजवतोय, ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या देतोय, आणि सर पुढं छाती काढून चाललेत. मी एकदा म्हणालो, "सर, पोलिसाच्या आधी ट्रकच मारंल आपल्याला." तर म्हणाले, "ट्रकखाली मेलास तर चारचौघांत मरशील. ओढ्यात सापडलास तर पळताना पडला म्हणून लिहितील." हसून बोलले. आम्ही कुणी हसलो नाही.

आई मला पोचवायला आली तेव्हा फाटकाबाहेरच थांबली. वाटेत तिनं बजावलं होतं, "नाव इचारलं तर खरं सांगू नको. त्यांना नाव घावलं की मानूस घावतो." आमच्यात एकाला तीन-तीन नावं असतात. घरचं एक, बाजारचं एक आणि पळताना सांगायचं एक.

सरांनी विचारलं, "नाव काय?"

मी बाजारचं सांगितलं.

"आणि पोलिसाला कुठलं सांगतोस?"

"पोलिसाला सांगत न्हाई. पळतो."

सर मोठ्यांदा हसले. मग माझ्या आईकडे बघून म्हणाले, "माय, ह्याचं खरं नाव मला नको. आज संध्याकाळी ते सगळ्या गावालाच ऐकवायचंय."

आईनं माझा हात धरला. ती मला परत न्यायलाच निघाली होती. सरांनी तिला तिथंच बसवून घेतलं आणि हजेरी ऐकवली.

ह्या हजेरीचं सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. आमच्या पणज्या-आज्यांना इंग्रजाच्या काळात रोज चौकीवर जाऊन हजेरी द्यावी लागायची. आम्ही पळालो नाही, चोरी केली नाही, हे दाखवायला. सर म्हणायचे, "हजेरी आपल्याला नवी नाही. फक्त आता ती आपण घ्यायची आणि गावानं ऐकायची." कॉलेजच्या छपरावर दोन भोंगे होते. एकाचं तोंड गावाकडं, एकाचं रस्त्याकडं. दिवेलागणीला एकेकानं माईकपुढं उभं राहून बोलायचं. नाव, बापाचं नाव, राहणार. ज्याला गाव नाही त्यानं म्हणायचं, "राहणार कॉलेज." पहिली हजेरी सरांची स्वतःची. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायचे, पण हजेरी चुकली नाही.

सुरुवातीला गाव हसायचं. टवाळ पोरं पारावर आमच्या नकला करायची. पुढं बायकांना सवय झाली. "पारध्यांची हजेरी लागली गं, चूल पेटवा," म्हणायच्या. सरांना तेच हवं होतं. चोरी बहुतेक अंधार पडल्या पडल्याच होते. दिवेलागणीला पोरगा माईकपुढं होता हे सगळ्या गावाच्या कानावर असलं, की अंधार पडायच्या आत तो कोसभर लांब कसा जाईल? कागदावरची हजेरी फाडता येते. गावाचा कान फाडता येत नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी मी माईकपुढं उभा राहिलो. बाहेर आई पदर तोंडात धरून बसलेली. मी नाव घेतलं. भोंग्यातून ते केवढंतरी मोठं होऊन माळावर गेलं. आपण आता कुठंच लपू शकत नाही असं वाटलं. बाजारात एवढी वर्षं ओरडतोय, पण तो आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो.

हजेरी चालू असताना सर पालथ्या घमेल्यावर डोळे मिटून बसायचे. झोपलेत असं वाटायचं. पण कुणाचा घसा बसलाय, कोण रडून आलंय, कोण उपाशी आहे, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. सकाळी बरोबर त्या पोराच्या हातात काढ्याचा पेला यायचा.

सौद्याला मात्र हा माणूस कुचकामी होता. भट्टीसाठी कारखान्याची राख आणायची, वसतिगृहासाठी दुभती शेळी घ्यायची, की समोरचा जे मागेल ते देऊन मोकळे. मला ते बघवायचं नाही. एका बाजारात मी त्यांना मागं सारलं, व्यापाऱ्याच्या हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सुरू केला. भोवती माणसं जमली. तो चढवतोय, मी उतरवतोय, बघे मजा घेतायत. शेळी हवी त्या भावात आली. वळून बघतो तर सर नाहीत. रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली उभे. कपाळ घामानं डबडबलेलं.

"तू मला घाबरवतोस," म्हणाले. "चार माणसं भोवती जमली की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणी माझ्या बापाभोवती अशीच जमली होती."

पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्यात ते विचारावं लागत नाही.

आता भांडणाचं सांगतो.

मी शेवटच्या वर्षाला होतो. निरोप आला की थोरली बहीण बाळंत झालीय आणि आईचं पाल कालव्याच्या कडेला पडलंय. दुपारी निघालो. दिवेलागणीच्या आत परत यायचं ठरवलं होतं. एसटी आलीच नाही. इकडं हजेरीची वेळ झाली. माझ्या खोलीतला दोस्त नकला करण्यात तरबेज होता. त्यानं स्वतःची हजेरी दिली, मागं गेला, आणि माझी पाळी आल्यावर माझ्या आवाजात माझं नाव घेतलं. बापाचं नाव, राहणार कॉलेज. सर घमेल्यावर डोळे मिटून बसले होते. पुढचा पोरगा माईकपुढं आला.

मी पहाटे चालत पोचलो. दोस्त म्हणाला, "गप झोप. तू काल हितंच हुतास."

सकाळचा तास सुरू होता आणि जीप आली. जीप आणि टेम्पोच्या आवाजातला फरक आमच्या पोरांना चालायला लागायच्या आधी कळतो. पोरांनी पुस्तकं मिटली. शिकवणाऱ्या मास्तरांनी खडू खाली ठेवला. आदल्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला गावातल्या एका बागायतदाराच्या विहिरीवरची मोटर गेली होती.

हवालदारानं आम्हाला माळावर उभं केलं. एकेकाला न्याहाळत आला आणि माझ्यापाशी थांबला. माझ्या पायांना कालव्याचा चिखल होता.

"ह्यो काल कुठं हुता?"

आईच्या पालावर होतो म्हणावं, तर जीप इथून सरळ कालव्यावर जाणार. बाळंतिणीसकट सगळ्यांना उचलणार. मी मान खाली घातली.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. "हितंच हुता की वं!"

रस्त्यापलीकडं चहाची टपरी चालवणारी म्हातारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती आम्हाला कधी टपरीच्या आत बसू द्यायची नाही. तीच मावशी चहाची किटली हातात घेऊन आत आली होती. "म्या ऐकलंय. ह्या कानानं ऐकलंय. नाव घेतलं त्यानं, बापाचं नाव घेतलं. माझा चहा उकळत हुता तवा."

मागून किराणावाला म्हणाला, "व्हय साहेब, हजेरी झाली त्याची. मीबी दुकानात हुतो."

आणखी दोघं-तिघं बोलले. मी मान वर केली. गावातली माणसं एका पारध्याच्या पोरासाठी पोलिसासमोर उभी होती. असलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि जीपकडं वळला.

"थांबा," सर म्हणाले.

हवालदार थांबला.

"नाव त्याचं होतं. आवाज त्याचा नव्हता. हा काल हजेरीला नव्हता."

मावशीच्या हातातली किटली कलंडली, चहा धुळीत सांडला. माझ्या शेजारी दोस्त पुटपुटला, "आता मेलास." हवालदारानं माझी कॉलर धरली.

जीपमध्ये मी बसलो आणि माझ्या शेजारी सर येऊन बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हवालदार म्हणाला, "मास्तर, तुम्ही उतरा." सर उतरले नाहीत. सबंध वाटेत मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता आणि तो थडथड उडत होता. रस्त्याच्या खड्ड्यांनी नव्हे. जीप उभी राहिली तरी तो थांबला नाही. आपल्याला सोडवायला आलेला माणूस आपल्याहून जास्त भ्यालाय, हे कळल्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. मला ओरडावंसं वाटलं.

ठाण्यात शिरताना एक शिपाई सहज म्हणाला, "घड्याळ भारी आहे हो मास्तर."

सरांचा हात आपसूक खिशाकडं गेला. रबर काढलं, पिशवी उघडली, पावती पुढं धरली. सगळं ठाणं हसलं. शिपायाला काहीच म्हणायचं नव्हतं, तोही हसला. सर पावती हातात धरून उभेच. मग त्यांनी तिची घडी घातली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काल कुठं होतास ते मला सांगू नकोस. मला कळलं तर विचारल्यावर सांगावं लागेल."

एवढं बोलून ते बाहेर गेले. मला वाटलं, गेले. संपलं.

मला आतल्या खोलीत नेलं. पट्टा भिंतीला टांगलेला होता. आधी तो पोलिसांनी नुसता काढून टेबलावर ठेवला. कुठं होतास, मोटर कुणाला दिलीस, बरोबर कोण होतं. मी गप्प. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा आवाज आधी आला, दुखलं नंतर. पट्टा पुन्हा वर गेला.

आणि बाहेरून आवाज आला. "नाव?"

पट्टा वरच राहिला.

"नाव सांग! मोठ्यांदा!"

मी पळायचा विचार सोडून पहिल्यांदाच पोलिसाच्या देखत माझं खरं नाव घेतलं. जीव खाऊन ओरडलो.

"बापाचं नाव?"

ओरडलो.

"राहणार?"

"राहणार कॉलेज!"

खिडकीतून दिसत होतं. ठाण्यासमोर, कडेच्या लिंबाखाली नाही, डांबरीच्या मधोमध, सर उभे होते. त्या दिवशी तिथला आठवडे बाजार होता. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया थांबल्या, बैलगाडी थांबली. माणसं जमायला लागली. एकानं विचारलं, "काय झालंय वं मास्तर? आत कोन हाय?" सर म्हणाले, "माझा विद्यार्थी. हजेरी घेतोय." लोक हसले, पण हलले नाहीत. ज्या माणसाच्या पोटात चार जणं जमली की गोळा यायचा, त्यानं भोवती अख्खा बाजार गोळा केला होता. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा, "नाव?" मी पुन्हा ओरडायचो. आत फौजदार चिडून म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला हाकला रे." शिपाई बाहेर गेला, गर्दी बघून परत आला. पट्टा टेबलावर गेला तो पुन्हा उचलला गेला नाही. पण आता उचलतील, मग उचलतील, असं करत दिवस गेला. प्रत्येक वेळी वाटायचं, ह्या वेळी बाहेरून आवाज आला नाही तर?

उन्हं उतरली. सरांचा आवाज फाटला होता. दिवे लागायच्या वेळेला त्यांनी आधी स्वतःचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, राहणार सांगितलं. मग मला विचारलं. मी उत्तर देतोय तोवर तो बागायतदार मोटारसायकलवरून आला. तोंड पाडून फौजदाराला म्हणाला, "साहेब, मोटर घावली. धाकट्यानं वायंडिंगला नेऊन टाकली हुती. विहीर दोघांत हाय ना. मला बोललाच न्हाई."

मला सोडलं. "जा" एवढंच.

रस्त्यात मी सरांना गाठलं आणि सगळ्या बाजारासमोर विचारलं, "मावशी माझ्यासाठी बोलत होती. गाव बोलत होतं. तुम्ही नुसतं गप्प राहिला असता तरी मी सुटलो असतो. बोलायचं काय अडलं होतं?"

त्यांना बोलताना त्रास होत होता. म्हणाले, "गावानं हजेरीवर विश्वास ठेवला. पहिल्यांदाच ठेवला. तो खोट्या हजेरीवर ठेवलेला मला चालला नसता. तू नव्हतास हे उद्या कुठून तरी कळलं असतं, मग मागं राहिलेल्या पोरांचं कोण ऐकणार होतं?"

"मग त्यांच्यासाठी मला का दिलं?"

"एकट्याला दिलं नाही," सर म्हणाले. "बरोबर आलो."

मी त्या आठवड्यात वळकटी उचलली. परीक्षा दिली नाही. सर फाटकाशी उभे होते. "परीक्षा दे," एवढंच म्हणाले, थांबवलं नाही. पुढं दोस्तानं सांगितलं की वर्ष संपेपर्यंत माझी पाळी आली की सर माईक हातात घ्यायचे, थोडं थांबायचे आणि माझं नाव घेऊन "गैरहजर" म्हणायचे. दोन्ही भोंग्यांवरून, सगळ्या गावाला. ते ऐकून माझं डोकं असं फिरलं होतं की जाऊन ते भोंगे उतरवून फेकावेत असं वाटलं.

दोस्तानं आणखी एक सांगितलं. पुढच्या खेपेला जीप आली तेव्हा मावशी फाटकातच आडवी उभी राहिली. "भोंग्यावर आलं म्हंजी खरंच आसतंय," म्हणाली. "त्यो मास्तर सवताच्या पोरालाबी सोडत न्हाई." जीप परत गेली. त्यानंतर माझ्या माहितीत त्या कॉलेजातून एकाही पोराला उचललेलं नाही. सौदा चांगलाच झाला. फक्त त्यात माल मी होतो.

मी राहात्याला आलो. बाजारात रुमालाखाली बोटं धरता धरता स्वतःचा गोठा केला, टेम्पो घेतला, पिवळा बंगला बांधला. लोक शेठ म्हणतात. बंगल्याला कॅमेरे आहेत. लोक कॅमेरे बाहेर तोंड करून चोरासाठी लावतात. माझे आत तोंड करून आहेत, मी घरात होतो हे दिसावं म्हणून. बायको म्हणते, "येडे झालात." आणि प्रत्येक वस्तूची पावती माझ्याकडं आहे. ही सवय कुणाची ते मी तिला सांगितलेलं नाही.

ह्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली. त्या दिवशी नेमकी वीज नव्हती, कॅमेरे बंद. सकाळी फोन आला. गोड आवाज. "शेठ, संध्याकाळपर्यंत जरा ठाण्यात येऊन जा. काही नाही, विचारपूस." गल्लीत डॉक्टर आहे, वकील आहे, दोन मास्तर आहेत. फोन मलाच आला.

मी वकिलाकडं जायला हवं होतं. गाडी नगरच्या दिशेनं निघाली, अहिल्यानगरच्या नव्या पाट्या मागं पडल्या आणि मी दुपारी त्या माळावर उभा होतो. भोंगे नव्हते. आवाजाची तक्रार झाली म्हणून उतरवले. आता पोरं दिवेलागणीला गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हजेरी बोलून टाकतात, असं फाटकावरच्या माणसानं सांगितलं. फाटकाला कुलूप नव्हतं.

आक्कांनी मला ओळखलं. "ऐकू येत न्हाई रं आता त्यांना," म्हणाल्या. "अजिबात न्हाई. वरडू नको."

सर पडवीत खुर्चीवर होते. वाळून काटकी झालेले. ज्यांना सर्दीसुद्धा आवाजावरून कळायची त्यांच्यापुढं मी नुसता उभा राहिलो. इतक्या वर्षांचं भांडण घशात आलेलं, आणि ते ऐकणारा कान नाही. त्यांनी मला निरखून पाहिलं. ओळखलं की नाही कळेना. मी दोन्ही मनगटं जवळ आणून त्यांच्यापुढं धरली. आमची पोरं खेळात बेडी दाखवतात तशी.

सर उठले. आत गेले. बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा अंगात धुतलेला शर्ट होता आणि जुन्या शर्टातली प्लॅस्टिकची पिशवी ते नव्या खिशात घालत होते.

"चल," म्हणाले.

गाडीत सगळ्या वाटेनं त्यांचा गुडघा उडत होता. मी गाडी चालवत होतो. माझाही.

राहात्याच्या ठाण्यात मला खुर्ची दिली, चहा मागवला. साहेब तरुण होता. "सर, तुम्ही बाहेर बसा," तो म्हणाला. त्यांना ऐकू आलं नाही, पण त्याचा हात बघून कळलं. ते बाहेर गेले. दार लोटलं गेलं. "त्या दिवशी कुठं होता, शेठ?" साहेबानं विचारलं. अजून हसतच होता. भिंतीवर पट्टा नव्हता, तरी माझे डोळे भिंतीवर पट्टा शोधत होते.

"नाव?"

साहेबानं चमकून वर पाहिलं. "कोण ओरडतंय?"

मी खुर्चीवरून उठलो. नाव घेतलं. शेळ्यांच्या बाजारातला आवाज आहे माझा, तो दारात अडत नाही.

"बापाचं नाव?"

घेतलं.

खिडकीतून ते दिसत होते. रस्त्याच्या मधोमध, काठी टेकून. मागं वाहनं तुंबली होती. त्यांना माझं उत्तर ऐकू आलं नव्हतं, येणार नव्हतंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते रस्त्याकडं बघत होते. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला होता. रिक्षातून डोकी बाहेर आली होती. मोबाईलवर बोलणारी एक बाई बोलायची थांबली होती. सगळ्यांची तोंडं ठाण्याकडं वळलेली होती.

सरांनी त्या तोंडांवरून नजर फिरवली, मान हलवली आणि पुढचं विचारलं.

"राहणार?"